खार, बांध आणि उघाडी : पनवेलच्या भातशेतीचा विस्मृतीत गेलेला इतिहास

पनवेलचा इतिहास लिहावयाचा म्हटला की बंदर, घाटमार्गावरची बाजारपेठ, १८५२ साली स्थापन झालेली नगरपालिका, जुने वाडे आणि मंदिरे यांचे उल्लेख हटकून येतात. ते यावयासही हवेत. परंतु ज्या एका वस्तूवर ही बाजारपेठ पिढ्यानपिढ्या उभी राहिली ती म्हणजे भात, आणि ते भात ज्याच्या आश्रयाने पिकत होते तो चिखलाचा बांध, यांच्याविषयी मात्र फारसे कोणी लिहीत नाही. बांधाला ना शिलालेख असतो ना कळस. तो शाबूत असेपर्यंत त्याच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही, आणि तो फुटला म्हणजे सारे गाव त्याच्याकडे धावते.

आपल्या समाजातील अनेक कुटुंबे व्यापाराच्या निमित्ताने या गावी येऊन स्थिरावली. धान्य, किराणा, कापड, सोने-चांदी अशा नाना व्यवसायांत ती रमली. या सर्व व्यवसायांचे चक्र एकाच आसाभोवती फिरत होते. कार्तिक-मार्गशीर्षात भाताची झोडणी होई, भात गिरणीत येई, शेतकऱ्याच्या हाती पैसा येई आणि मग वर्षाची उधारी चुकती होई. कापडाच्या दुकानात लग्नसराईची खरेदी किती होणार, हे मुंबईच्या मूळजी जेठा मार्केटमधील भावापेक्षा खाडीकाठच्या बांधावर अधिक अवलंबून असे. जुन्या व्यापाऱ्यांच्या बोलण्यात "यंदा अमक्या गावाला खांड गेली" असे वाक्य आले, की त्या गावची वसुली दोन-तीन वर्षे लांबणीवर पडली असे समजले जाई. वाणिज्य शाखेचा विद्यार्थी म्हणून आणि चार दशके गल्ल्यावर बसलेला व्यापारी म्हणून या बांधाचा हिशेब मांडावा, असे बरेच दिवस मनात होते. सुवर्ण महोत्सवी स्मरणिकेने ती संधी दिली आहे.

भूमीचे स्वरूप

पनवेलच्या पूर्वेस माथेरान, प्रबळगड यांची डोंगररांग व दक्षिणेस कर्नाळा, तर पश्चिमेस खाडी. या दोहोंमधील अरुंद पट्ट्यात गाढी, काळुंद्री, कासाडी या नद्या वाहतात. पावसाळ्याच्या चार महिन्यांत येथे सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो आणि उरलेले आठ महिने आकाश कोरडे राहते. अशा प्रदेशात शेतकऱ्यापुढे दोन प्रश्न उभे राहतात. डोंगरावरून धावत येणाऱ्या पाण्याबरोबर माती वाहून जाऊ नये, हा पहिला. भरतीबरोबर वर चढणारे खारे पाणी शेतात शिरू नये, हा दुसरा.

या दोन प्रश्नांनुसार येथील जमिनीची विभागणी झाली होती. डोंगरउतारावरील हलक्या जमिनीस वरकस म्हणत. तीत नाचणी, वरी पिकत असे आणि राबासाठी लागणारे गवत व टहाळ तेथूनच मिळत असे. मधल्या सपाटीवरची ती गोडी जमीन. तिला बांध घालून खाचरे केलेली असत. प्रत्येक खाचर हे एक छोटे तळेच होय. वरच्या खाचरातील पाणी खालच्यात उतरताना आपला वेग आणि बरोबर आणलेला गाळ दोन्ही सोडून देते. आजच्या भाषेत ज्याला मृद् व जलसंधारण म्हणतात, ते येथील कुणबी व आगरी शेतकरी कोणत्याही योजनेवाचून करीत आले होते. आणि सर्वांत खाली, खाडीला लागून असलेली ती खारी जमीन, म्हणजेच आपल्या या लेखाचा मुख्य विषय.

बांधाचे शास्त्र

समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. असे पाणी जमिनीत मुरले म्हणजे त्यातील सोडियममुळे चिकणमातीची रचना विस्कटते. ओली असता ती चिकट होते, सुकली की दगडासारखी कठीण होते, आणि उन्हाळ्यात जमिनीतील ओल वर येऊन वाळते तेव्हा पृष्ठभागावर पांढरा थर उरतो. तेथे गवताचे पातेही धड उगवत नाही. मात्र याच जमिनीत भरतीचे पाणी येऊ दिले नाही आणि पावसाचे गोडे पाणी साठवून, पुन्हा सोडून देऊन तिला धुऊन काढले, तर काही पावसाळ्यांत ती भातास योग्य होते. तीन हजार मिलिमीटर पाऊस ही जशी आपत्ती, तशीच ती या जमिनीची औषधीही आहे.

त्यासाठी दोन गोष्टी आवश्यक. एक म्हणजे खाडीच्या बाजूचा भक्कम बांध, आणि दुसरी म्हणजे त्या बांधातील उघाडी. उघाडी म्हणजे पाणी बाहेर सोडण्याचे दार. तिची झडप अशी बसविलेली असते की ओहोटीच्या वेळी आतील पाण्याच्या दाबाने ती बाहेरच्या बाजूस उघडते आणि भरतीच्या वेळी बाहेरच्या पाण्याच्या दाबाने आपोआप मिटते. इंधन नाही, यंत्र नाही. दिवसातून दोन वेळा येणारी भरती-ओहोटी हीच तिची चालकशक्ती.

बांध बहुधा खाडीच्या चिकणमातीचा असे. बाहेरच्या अंगास जेथे लाटांचा मारा असे तेथे दगड लावीत. काम करावयाचे ते अष्टमीच्या सुमारास, भरतीचा जोर कमी असताना, ज्यास खाडीकाठचे लोक भांग म्हणतात. अमावास्या-पौर्णिमेचे उधाण येण्यापूर्वी ते पुरे झाले पाहिजे. बांधाचे शत्रूही अनेक. खेकड्याने पाडलेले एखादे बीळ उधाणाच्या रात्री पाण्याला वाट देते, सकाळी तेथे हातभर खिंडार असते आणि वेळीच बुजविले नाही तर चार दिवसांत त्याची खाडी होते. हीच ती खांड. एकदा खारे पाणी आत शिरले की जमीन पूर्ववत होण्यास किमान दोन-तीन पावसाळे जावे लागतात.

पेरणीची रीतही वेगळी. गोड्या जमिनीत राब भाजून रोपे तयार करून लावणी करीत. खाऱ्या जमिनीत मात्र पावसाने वरचा खार धुऊन गेल्यावर मोड आणलेले बी चिखलात फेकीत असत. बी देखील निवडक. तांबड्या दाण्याचा रत्ता, काळा रत्ता अशी खाऱ्या मातीत तग धरणारी वाणे या किनाऱ्यावरील शेतकऱ्यांनी पिढ्यान् पिढ्या जपली. यांपैकी काळा रत्ता हे वाण आज जगभरातील भात संशोधकांना परिचित आहे. क्षार सहन करणाऱ्या जातींत केरळचे पोक्काळी आणि बंगालचे नोना बोक्रा यांच्या पंक्तीत त्याचे नाव घेतले जाते.

शिलोत्री आणि जोळ

बांध कोणी बांधावयाचा आणि कोणी राखावयाचा, हा प्रश्न स्थापत्याइतकाच समाजव्यवस्थेचा आहे. त्याची दोन उत्तरे या जिल्ह्याने शोधली होती.

पहिले उत्तर शिलोत्रीचे. ऐपतदार माणूस भांडवल घालून खाडीची जमीन बांधून काढी व ती कुळांस कसावयास देई. बाहेरचा बांध दुरुस्त ठेवण्याची जबाबदारी त्या शिलोत्रीदाराची. त्या बदल्यात सरकारी साऱ्याव्यतिरिक्त बिघ्यामागे ठराविक भात तो घेई. यास शिलोत्री मण असे नाव होते. आंग्र्यांच्या अमदानीत अलिबागकडे या प्रथेस विशेष उत्तेजन मिळाले. पुढे इंग्रजी राजवटीतही खार बांधून काढणाऱ्यास पहिली दहा वर्षे सारामाफी आणि पुढील वीस वर्षे एकरी चार आणे असा सवलतीचा दर देण्याचे नियम होते. सरकारलाही पडीक दलदलीपासून कायमचे उत्पन्न मिळण्याची आशा होतीच.

दुसरे उत्तर जोळीचे. जेथे भांडवलदार नव्हता तेथे गावातील शेतकऱ्यांनी एकत्र येऊन बांध राखला. ज्याची जेवढी जमीन, त्या प्रमाणात त्याने मनुष्यबळ द्यावयाचे. खांड गेल्याची हाक आली की हातातील काम टाकून सर्वांनी धावावयाचे. बांध ज्याच्या शेतापाशी फुटला त्याचीच ती अडचण, असे येथे म्हणता येत नसे, कारण खारे पाणी सातबारा पाहून आत शिरत नाही.

गोव्यातील खाजन शेती हा या व्यवस्थेचा सख्खा भाऊ होय. तेथे उघाडीस मानस म्हणतात आणि बांधांची निगा गावकरी संस्था राखीत. दूरच्या हॉलंडमध्ये समुद्रसपाटीखालील जमीन राखण्यासाठी तेराव्या शतकापासून पाणीमंडळे आहेत. ती आजही निवडणुकीने चालतात आणि स्वतःची पट्टी स्वतः वसूल करतात. १ फेब्रुवारी १९५३ रोजी तेथील बांध फुटून अठराशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली, तेव्हापासून तर तो देश बांधांवरील खर्चास राष्ट्रसंरक्षणाचा खर्च समजतो.

चरीचा संप आणि त्यानंतर

शिलोत्री व खोती या प्रथांची काळी बाजूही सांगितली पाहिजे. दलदलीत कमरेइतक्या चिखलात उभे राहून बांध घालणारा कुळच, परंतु पिकाचा मोठा वाटा मात्र खोताच्या खळ्यात. या अन्यायाविरुद्ध अलिबाग तालुक्यातील चरी येथे १९३३ साली नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी संप पुकारला. पंचवीस गावांनी जमिनी पडीक ठेवल्या. लोकांनी लाकूडफाटा विकून दिवस काढले, पण नांगर धरला नाही. १९३४ च्या डिसेंबरात डॉ. बाबासाहेब आंबेडकर चरीस आले. हा संप १९३९ पर्यंत चालला आणि कुळांचे हक्क मान्य करणाऱ्या कायद्यांचा मार्ग त्याने खुला केला.

स्वातंत्र्यानंतर १९४९ साली खोती नष्ट झाली, १९५५ साली कुलाबा जिल्ह्यातील शिलोत्री हक्क रद्द करणारा स्वतंत्र कायदा झाला आणि १ एप्रिल १९५७ रोजी कुळे जमिनीची मालक बनली. हा न्याय होता आणि तो उशिराच मिळाला. परंतु हक्काबरोबर शिलोत्रीदाराची जबाबदारीही संपली. मग बांध कोणाचा? या प्रश्नाचे उत्तर म्हणून १९४८ च्या खार जमीन कायद्यान्वये मंडळ नेमण्यात आले होते. पुढे १९७९ च्या खारभूमी विकास कायद्याने हे काम शासनाने अधिक व्यापक रीतीने आपल्याकडे घेतले. काही बांध सरकारी योजनेत आले, काही खाजगी राहिले. जे सरकारी झाले त्यांच्याकडे "आता सरकार पाहील" म्हणून गावाने पाहणे कमी केले. जे खाजगी राहिले त्यांच्याकडे पाहण्यास निधी नव्हता. दरम्यान तरुण मंडळी कारखान्यांत आणि मुंबईच्या नोकऱ्यांत गेली. जोळीच्या हाकेला ओ देणारे हात घरी उरले नाहीत.

विदर्भातील भंडारा-गोंदिया भागातही नेमके हेच घडले. तेथे कोहळी समाजाने बांधलेली हजारो मालगुजारी तळी १९५० च्या मालगुजारी निर्मूलन कायद्यानंतर सरकारकडे आली. जुन्या मालकाचा जुलूम गेला, पण त्याच्याबरोबर तळ्याचा गाळ उपसण्याची शिस्तही गेली. हिशेबाच्या भाषेत सांगावयाचे तर मालमत्ता नव्या खात्यावर जमा झाली, पण तिचा घसारा कोणत्याच खात्यावर लिहिला गेला नाही.

संशोधनातील पनवेलचे नाव

या कथेत पनवेलकरांस अभिमान वाटावा असे एक पान आहे. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचे खार जमीन संशोधन केंद्र आपल्या पनवेलात आहे. या केंद्राने क्षारांना दाद न देणाऱ्या भाताच्या जाती निर्माण केल्या. त्यांची नावेच पनवेल-१, पनवेल-२ व पनवेल-३ अशी आहेत. कृषिशास्त्राच्या ग्रंथांत आपल्या गावाचे नाव तांदळाच्या वाणाच्या रूपाने नोंदले गेले आहे, हे आपल्यापैकी किती जणांस ठाऊक असेल?

भाताच्या पेंढ्याने जमीन झाकली तर बाष्पीभवन कमी होऊन क्षार वर येत नाहीत, शेततळ्यात साठविलेल्या पावसाच्या पाण्यावर खाऱ्या जमिनीतही रब्बीचा भाजीपाला घेता येतो, या गोष्टीही आता शास्त्राने सिद्ध केल्या आहेत.

महाराष्ट्राच्या इतर भागांत

कोकणात पाणी अतोनात, तर देशावर ते दुर्मीळ. परंतु तेथील इतिहासही याच दिशेने बोलतो. धुळ्याकडे पांझरा नदीवरची फड पद्धत शेतकऱ्यांनी शतकानुशतके सामुदायिक रीतीने चालविली. महात्मा फुले यांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहिताना डोंगरावरची सुपीक माती वाहून जाऊ नये आणि पाणी मुरावे म्हणून जागोजाग ताली-बंधारे घालावेत, त्या कामी सरकारने आपले शिपाई लावावेत, असे सुचविले होते. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे पाणी पंचायत सुरू केली. पाण्यावर हक्क एकराप्रमाणे नव्हे, तर घरातील माणसांप्रमाणे, आणि भूमिहीनासही वाटा, हा तिचा नियम होता. उसाला त्यात स्थान नव्हते.

जैन समाजातील व्यक्तींचेही या क्षेत्रात योगदान आहे. जळगाव जिल्ह्यातील वाकोद येथे १९३७ साली जन्मलेले भवरलाल जैन हे आपल्यासारखेच वाणिज्य शाखेचे पदवीधर. त्यांनी ठिबक सिंचन सामान्य शेतकऱ्याच्या बांधापर्यंत नेले आणि जळगावजवळच्या उजाड टेकडीवर पाणी अडवून हिरवाई उभी केली. २०१६ साली त्यांचे निधन झाले. भारतीय जैन संघटनेने २०१८ साली बुलढाणा जिल्ह्यात शासनाच्या सहकार्याने यंत्रे लावून तलावांतील गाळ काढण्याचे मोठे काम केले. तो गाळ शेतकऱ्यांनी आपल्या शेतात नेला. तळे खोल झाले आणि शेत सकस झाले. व्यापाऱ्याचे भांडवल आणि शेतकऱ्याचे श्रम एकत्र आले म्हणजे काय घडते, याचे हे उत्तम उदाहरण होय.

शहर आले

१७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल, उरण भागांतील ९५ गावांची जमीन नव्या शहरासाठी घेण्याचे ठरले. त्यात भातशेती होती, मिठागरे होती, खारही होती. योग्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली लढा झाला. जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यात झालेल्या गोळीबारात पाच शेतकरी हुतात्मा झाले. पुढे विकसित भूखंडाचा साडेबारा टक्के वाटा प्रकल्पग्रस्तांस मिळू लागला, त्यामागे या पाच जणांचे रक्त आहे.

शहर उभारणाऱ्या अभियंत्यांपुढे प्रश्न मात्र तोच होता, जो शिलोत्रीदारापुढे होता. सखल जमिनीवरील पावसाचे पाणी भरतीच्या वेळी कोठे ठेवावयाचे? त्यांनी हॉलंडच्या धर्तीवर धारण तलाव खोदले आणि खाडीच्या तोंडाशी आपोआप मिटणाऱ्या झडपा बसविल्या. ही आपली उघाडीच होय, फक्त ती काँक्रीटची झाली. जेथे हे तलाव गाळाने भरले आणि झडपा अडल्या, तेथे काय होते ते २६ जुलै २००५ रोजी कळंबोलीने आणि पनवेलने अनुभवले. त्या दिवशी पाऊस विक्रमी होता हे खरेच. पण पाण्याला थांबावयास जागा उरली नव्हती, हेही तितकेच खरे.

२०१६ साली पनवेलची महानगरपालिका झाली. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी नवी मुंबई विमानतळाचे उद्घाटन झाले. त्यासाठी टेकडी सपाट केली गेली आणि उलवे नदीचा प्रवाह वळविला गेला. प्रगतीस विरोध करणे हा आपला हेतू नाही. तिच्यामुळे आपले व्यवसाय वाढले आहेत. परंतु नदी वळली तरी पाऊस वळत नाही.

उरण, पेण, अलिबाग येथे जी खारशेती शिल्लक आहे तिचा प्रश्न आणखी बिकट आहे. खांड गेलेल्या शेतात खारे पाणी येऊन खारफुटी उगवते. २००५ साली उच्च न्यायालयाने खारफुटी तोडण्यास मनाई केली. किनारा राखण्यासाठी ती आवश्यकच आहे, बांधालाही तिचा आधार असतो. पण ज्या शेतकऱ्याचा बांध वेळेवर दुरुस्त झाला नाही, त्याची भातजमीन अशी डोळ्यांदेखत कांदळवन बनते आणि मग ती परत मिळविणे त्यास अत्यंत कठीण होते. दुरुस्तीतील विलंबाची किंमत तो एकटाच भरतो.

काय करता येईल

गेलेली शेती परत येणार नाही. तथापि काही गोष्टी आपल्या हातात आहेत. वडाळे, कृष्णाळे, विश्राळे, देवाळे, लेंडाळे ही पनवेलची तळी केवळ सुशोभीकरणाची स्थळे नव्हेत, ती पावसाचे पाणी थोपविणारी आणि विहिरींना पाझर देणारी आहेत. त्यांचा गाळ वेळच्या वेळी निघावा यासाठी नागरिक म्हणून आग्रह धरता येईल. नगरपालिकेने गाढी नदीवर बांधलेल्या देहरंग धरणात डोंगरावरची माती येऊन साचते. त्याच्या पाणलोटात झाडे लावणे आणि ताली घालणे यांस आपल्या संस्था हातभार लावू शकतात. नाले आणि धारण तलाव यांवर अतिक्रमण होत असेल तर व्यापारी म्हणून आपण त्यात सहभागी होऊ नये, एवढा संयम तरी पाळता येईल.

आणखी एक विनंती केवळ या स्मरणिकेच्या वाचकांस आहे. आपल्या माळ्यांवर आजोबा-पणजोबांच्या लाल कापडी बांधणीच्या वह्या अजून असतील. त्यांत कोणत्या वर्षी भाताचा भाव काय होता, कोणत्या गावची वसुली का थांबली, कोणास सूट दिली, हे सारे मोडीत किंवा महाजनी लिपीत लिहिलेले आहे. सरकारी दप्तरात नसलेला खाडीकाठच्या गावांचा इतिहास त्या पानांत आहे. घर नव्याने बांधताना त्या वह्या रद्दीत देऊ नका. त्या वाचू शकणारी वयोवृद्ध मंडळी अद्याप आपल्यात आहेत, तोपर्यंत हे काम व्हावे.

आपल्या ट्रस्टने पन्नास वर्षे पूर्ण केली. एखाद्या मोठ्या दात्याच्या बळावर संस्था उभी राहते, हे शिलोत्रीसारखे. पण ती टिकते ती जोळीने, म्हणजे दरवर्षी आपापला वाटा न चुकता घालणाऱ्या अनेक सामान्य कुटुंबांमुळे. पुढील पन्नास वर्षांच्या नियोजनात निर्मितीच्या खर्चाबरोबर निगराणीचा खर्चही प्रतिवर्षी वेगळा काढून ठेवावा, एवढीच या निमित्ताने विश्वस्त मंडळास नम्र सूचना.

जय जिनेंद्र.